निसर्गात गेल्यावर पृथ्वीचा घोर कमी होतो की वाढतो?

पानगळ (धागाकर्ती)
नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचक आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेतल्या नोंदींचा आलेख काढायचा होता. १९५८ साली हवेत कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. आलेख काढला, गुणही चांगले पडले, पण ती वर चढणारी रेघ काही डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, बाहेरच्या खोलीतला दिवा चालूच राहिला. उठून बघते तर बंद असतो. परत येऊन पडते, पुन्हा तेच. आईला सांगितलं तर म्हणाली, परीक्षेचा ताण असेल. परीक्षा होऊन दोन महिने झालेत.

मैत्रिणी म्हणाल्या, जरा निसर्गात जा, बरं वाटेल. गेले त्यांच्याबरोबर एका टेकडीवर. त्या धुकं बघत होत्या आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होते, पन्नास वर्षांपूर्वी इथे किती पक्षी असतील, आणखी पन्नास वर्षांनी किती उरतील. जाताना होते त्यापेक्षा जास्त उदास होऊन परत आले.

प्रश्न असा आहे: निसर्गाशी जवळीक असली की हा घोर कमी होतो, की मुळात जवळीक आहे म्हणूनच तो लागतो? कॉलेजातल्या मुलामुलींचे आणि त्यांना शिकवणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील. 'जास्त विचार करू नकोस' हे सोडून काहीही लिहा.

उंटावरचा शहाणा
जास्त विचार करू नकोस.
(पळतो.)

टाचणी
शहाणे, पहिल्याच प्रतिसादात धाग्याची वाट लावायचा विक्रम पुन्हा तुमच्याच नावावर.

पानगळ, मी अभियांत्रिकीला आहे. निसर्गाशी माझं नातं म्हणजे खिडकीतली एक कुंडी, आणि तीही मी मारली. तरी घोर आहेच. माझा मोबाइलातून येतो. वणव्याचं चित्र, त्याच्याखाली बुटांची जाहिरात, त्याच्याखाली वितळती हिमनदी, त्याच्याखाली कुणाच्या तरी मांजरीचा वाढदिवस. अंगठा थांबत नाही. रात्री दीड वाजता मला अंटार्क्टिकाच्या बर्फाबद्दल सगळं माहीत असतं आणि सकाळी साडेआठच्या तासाला काय होतं ते आठवत नाही. त्यामुळे जवळीक असल्याशिवाय घोर लागत नाही, हे मला तरी पटत नाही.

आकडेमोड
या विषयावर सर्वांत जास्त उल्लेख होतो तो 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये २०२१ साली आलेल्या पाहणीचा. १० देशांतले १६ ते २५ वयाचे १०,००० जण, भारतातलेही त्यात होते. हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते म्हणणारे ५९ टक्के. भविष्य भीतीदायक वाटतं म्हणणारे ७५ टक्के. रोजच्या जगण्यावर याचा वाईट परिणाम होतो म्हणणारे ४५ टक्क्यांहून जास्त. ही उत्तरं ऑनलाइन घेतलेली होती, म्हणजे ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोचतच नाही त्यांचा आवाज त्यात नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

मला स्वतःला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. सरकारं पुरेसं करत नाहीत, आपला विश्वासघात होतोय, असं वाटणाऱ्यांचा त्रास जास्त होता. म्हणजे भीती एकट्या वादळांची नाही. मोठी माणसं बघत बसली आहेत, हीही आहे.

जुनं खोड
मोठी माणसं हजर आहेत.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत अणुयुद्धाची भीती होती. कोण कधी बटण दाबेल याचा नेम नव्हता. नंतर १९८५ साली ओझोनच्या छिद्राची बातमी आली. तेव्हाही वाटलं होतं, आता सगळं आटोपलं. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि आज तो थर हळूहळू भरून येतोय. प्रत्येक पिढीला आपलाच प्रलय शेवटचा वाटतो. मुलांनी खचून जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. रागावू नका.

टाचणी
काका, राग नाही, पण फरक आहे. अणुयुद्ध कुणी बटण दाबलं तर होणार होतं. इथे बटण दाबून झालंय आणि आम्ही रोज सकाळी पाणी तापवताना ते पुन्हा दाबतोय. तुम्ही घाबरायचात ते दुसऱ्या कुणाला तरी. आम्ही घाबरतो त्यात आम्हीही आहोत.

आकडेमोड
ओझोनचं उदाहरण धीर द्यायला चांगलं आहे, पण फार ताणू नये. तो थर विरळ करणारी रसायनं मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय सापडले. कोळसा आणि तेल तर सगळ्याच गोष्टींत मुरलेलं आहे.

जुनं खोड
पाणी तापवण्याचा मुद्दा लागला. मान्य.

मधली ओळ
थोडं अवांतर. या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? 'पर्यावरणचिंता' एखाद्या समितीचं नाव वाटतं. 'हवामान-उद्विग्नता' मी एकदा वाचलं आणि तिथल्या तिथे उद्विग्न झाले. धागाकर्तीने 'घोर' वापरलाय तो बेस्ट आहे. घोर लागतो, लावून घेता येत नाही. आणि लागतो तो आपल्या माणसाचाच, परक्याचा कुणी घोर लावून घेत नाही.

उंटावरचा शहाणा
'वसुंधराव्याकुळता' कसं वाटतं? पीएचडीच्या प्रबंधाला शोभेल.

मधली ओळ
शोभेल. प्रबंध कुणी वाचणार नाही, त्यामुळे त्रासही कुणाला होणार नाही.

गंमत बघा. आपल्याकडे 'काळजी' करतातही आणि घेतातही. 'चिंता' नुसती करता येते, घेता येत नाही. झाडाची चिंता करणारा माणूस खुर्चीत बसून असतो. काळजी करणाऱ्याला निदान उठून पाणी घालायची सोय आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर या दोन क्रियापदांत कुठेतरी असावं असं वाटतंय, पण आता झोप आलीय.

मनमोकळं
मी समुपदेशक आहे आणि कॉलेजवयीन मुलांबरोबरच काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

आधी हे की हा आजार नाही. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये असं निदान नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ च्या अहवालात याचं वर्णन केलं तेही पर्यावरणाच्या सर्वनाशाची सतत टिकून राहणारी भीती, असं. धोका खरा असताना भीती वाटणं हे मन जागेवर असल्याचं लक्षण आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त बरं वाटतं ते याच वाक्याने, कारण घरी त्यांना 'कुठून ही खुळं डोक्यात येतात' असं ऐकावं लागलेलं असतं.

तरीही पारख हवी. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये यासाठी १३ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. तिच्यात चार खाने आहेत: भावना, तेच तेच विचार घोळत राहणं, झोप-अभ्यास-माणसांत मिसळणं यांवरचा परिणाम, आणि चौथा, आपल्या स्वतःच्या वागण्याने पृथ्वीचं किती नुकसान होतंय याची टोचणी. पानगळ, तुमचा तो दिवा या चौथ्या खान्यातला आहे. टाचणीचं पाणी तापवणंही तिथलंच. ही टोचणी फसवी असते. एका दिव्याने कार्बनचा आलेख हलत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी हात बटणाकडे जातो, कारण जगातली तेवढीच एक गोष्ट आपल्या ताब्यातली वाटते.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. आठवडे लोटले असतील तर प्रत्यक्ष कुणाशी तरी बोला, कॉलेजात समुपदेशक असेल तर तिथे जा. धागा त्याला पर्याय नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा २०२२ चा एक अभ्यास आहे. त्यात चौघांबरोबर मिळून काही करणाऱ्यांची हवामानाची भीती नैराश्याकडे तितकीशी झुकत नव्हती. एकट्याने घरी बसून दिवे बंद करणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही.

पानगळ
मनमोकळं, दिव्याबद्दल वाचून हसू आलं आणि रडूही. समुपदेशकांची वेळ घेते, खरंच.

चौघांबरोबर काही करण्याचं मात्र अवघड आहे. आमच्या कॉलेजात निसर्ग मंडळ आहे. त्याची वर्षातली मुख्य मोहीम म्हणजे पर्यावरण दिनाचा फ्लेक्स. गेल्या वर्षी त्यावर 'प्लास्टिक टाळा' असं छापलं होतं. फ्लेक्सवर.

उंटावरचा शहाणा
फ्लेक्स टिकाऊ असतो. संदेश पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचेल, पिढ्या असल्या तर.

तिन्हीसांज
मी विद्यार्थी नाही, एका विद्यार्थिनीची आई आहे. चालेल ना?

लहानपणी आमच्या घरामागे ओढा होता. पावसाळ्यात आवाज इतका असायचा की जेवताना मोठ्याने बोलावं लागे. मग तो पाइपात घातला आणि वर रस्ता झाला. घर तेच, मागचं दार तेच, मी तिथेच राहते. तरी पावसाळी रात्री मागच्या दाराशी उभी राहिले की काहीतरी तुटतं. बरीच वर्षं वाटायचं, हा माझाच हळवेपणा. मग कळलं की ऑस्ट्रेलियातल्या ग्लेन अल्ब्रेख्ट नावाच्या तत्त्वज्ञाने यासाठी 'सोलास्टॅल्जिया' असा शब्दच घडवलाय. हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी ज्यांच्या घराभोवतीचा मुलूख पालटून गेला, अशा लोकांचं दुःख बघून त्याला तो सुचला. आपण घर सोडून गेलेलो नसतो, घरच आपल्याला सोडून गेलेलं असतं. माहेरी बसून माहेराची आठवण यावी तसं.

माझ्या मुलीला याचं काही वाटत नाही. तिच्या लेखी तिथे रस्ताच होता.

आकडेमोड
तिन्हीसांज, तुमच्या शेवटच्या वाक्यालाही नाव आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिढीतले शास्त्रज्ञ आपल्या सुरुवातीच्या काळात समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच मूळचे धरून चालतात आणि तिथून पुढची घट मोजतात. पुढची पिढी आणखी खालून मोजायला लागते. सरकती आधाररेषा म्हणूया. घट होत राहते आणि कुणाला काही हरवल्यासारखं वाटत नाही.

टाचणी
मग या हिशेबाने आम्हाला कमी दुःख व्हायला हवं. आम्ही ओढा पाहिलाच नाही. जास्त का होतंय?

तिन्हीसांज
यावर मी दिवसभर विचार केला. माझं गेलं ते गेलं, त्याची आठवण तरी आहे. तुमचं जायचंय. तुम्ही आठवण आधीच काढून बसलाय.

टाचणी
आई गं.

गोगलगाय
एक खडा टाकते. 'निसर्गात जा' हा सल्ला औषधाच्या गोळीसारखा वाटला जातोय. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये निष्कर्ष निघाला की आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे अधिक निरोगी आणि समाधानी असल्याचं सांगतात. लगेच सगळीकडे १२० मिनिटांचा मंत्र सुरू. निरोगी माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता त्या एकाच पाहणीने पूर्ण मिटत नाही.

आणि जायचं कुठे, कधी? माझ्या वर्गातले अर्धे जण तास संपला की कामाला पळतात. मुलीने एकटीने टेकडीवर जाऊन शांत बसायचं म्हटलं तर ती शांत बसेल का? निम्मं लक्ष पाठीमागे. निसर्गाची जवळीक सवड आणि सुरक्षितता असणाऱ्यांनाच मिळते, मग ती न मिळालेल्यांना आपण सांगणार, तुमचं निसर्गाशी नातं तुटलंय हो.

उंटावरचा शहाणा
१२० मिनिटं माझी डासांबरोबर भरतात. नातं एकतर्फी आहे.

झाडपाला
गोगलगाय यांच्या दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. म्हणूनच हा प्रतिसाद.

वीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय. सुरुवातीला मुलांना बाहेर नेऊन झाडांची शास्त्रीय नावं पाठ करून घ्यायचो. एका वर्षी परीक्षेत एका मुलीने कुळासकट सगळी नावं बरोबर लिहिली. बाहेर आल्यावर सहज विचारलं, यातलं प्रयोगशाळेच्या दाराशी कोणतं आहे? तिला सांगता आलं नाही. दारात झाड आहे हेच तिला माहीत नव्हतं. दोष तिचा नव्हता, मी नावंच विचारत होतो. वाँडरसी आणि शुसलर या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये याला 'वनस्पतींबाबतचं आंधळेपण' म्हटलं. झाडं डोळ्यांपुढे असतात, पण मागच्या पडद्यासारखी.

ब्रिटनमधल्या डर्बी विद्यापीठात मायल्स रिचर्डसन आणि सहकारी निसर्गाशी जवळीक कशाने वाढते याचा अभ्यास करतात. २०१७ च्या त्यांच्या एका अभ्यासात पाच वाटा दिसल्या: इंद्रियांनी अनुभवणं, भावना, सौंदर्य, अर्थ आणि करुणा. नुसती माहिती मिळवणं आणि ओळखपाळख यांनी जवळीक वाढताना दिसली नाही. हे वाचून मास्तरकीची पहिली दहा वर्षं डोळ्यांपुढून गेली.

आता पानगळ, तुमच्या टेकडीबद्दल. रागावू नका, पण तुम्ही तिथे बघायला गेलाच नव्हता, हजेरी घ्यायला गेला होता. कोण कोण गैरहजर आहे, तेवढंच टिपत बसलात. तुमच्या शिक्षणाने तुम्हाला तेच शिकवलंय आणि ते चूक नाही, कुणीतरी हजेरी घ्यायलाच हवी. पण वर्गात जे हजर होते त्यांच्याकडे तुम्ही बघितलं का?

गृहपाठ देतो. टेकडी नको, सुट्टी नको. रोजच्या वाटेवरचं, माणसांच्या वर्दळीतलं एक झाड धरा. रोज साधारण त्याच वेळी दहा मिनिटं. फोटो काढायचा नाही, नाव शोधायचं नाही, त्याचं पुढे काय होईल याचा विचार आला तर येऊ द्या, पण नजर हलवू नका. आज काल-सारखं नाही असं जे दिसेल ते एका ओळीत लिहा. तीन आठवड्यांनी इथे सांगा.

गोगलगाय
वर्दळीतलं झाड हे पटलं. मीही करते.

जुनं खोड
निवृत्तांना परवानगी आहे का?

झाडपाला
खोडाला झाडाची परवानगी कशाला?

आकडेमोड
एक नोंद करतो. पुष्कळ अभ्यासांत असं दिसलंय की निसर्गाशी जवळीक जास्त असणाऱ्यांना पर्यावरणाची काळजीही जास्त वाटते. म्हणजे मूळ प्रश्नाचा दुसरा पर्याय आकड्यांना धरून आहे. झाडपाला सरांच्या उपायाने घोर कमी होईल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वाढूही शकतो.

झाडपाला
कमी होईल असं मी कुठे म्हणालो?

(बरेच दिवस धागा शांत.)

उंटावरचा शहाणा
धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले. गृहपाठ दाखवा. मी केलेला नाही, माझ्या झाडाने खाल्ला.

जुनं खोड
मी केला. आमच्या फाटकाजवळचं झाड, तीस वर्षं त्याच्या सावलीत गाडी लावतोय. त्याला मुंग्यांची एक चढती रांग आहे आणि एक उतरती, हे पहिल्यांदा पाहिलं. वाटेत भेटल्या की थांबून डोकं टेकवतात. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला, घरून फोन आला.

गोगलगाय
माझे सहा दिवस झाले, मग खंड पडला. पुन्हा गेले त्या दिवशी तिथे उभी असताना एकाने विचारलं, कुणाची वाट बघताय? झाड बघतेय म्हटलं तर तोही वर बघायला लागला. पुढचे दोन दिवस तो तिथे दिसला. काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

पानगळ
उशीर झाला, माफ करा. आधी झोपेचं: समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले, बरं आहे. दिव्यासाठी अजून उठते, पण एकदाच.

झाड ग्रंथालयाच्या जिन्यापाशी धरलं. पहिला आठवडा नुसती चिडचिड. डोक्यात आलेख चालूच. वहीत लिहिलंय: 'काही नाही.' 'काही नाही.' 'कावळा.' दुसऱ्या आठवड्यात एका पानावर पांढरट नागमोडी रेघ दिसली. सुरुवातीला केसाएवढी बारीक, पुढे रुंद होत गेलेली. दुसऱ्या दिवशी ती बोटाच्या पेरभर लांब झाली होती. म्हणजे आत कुणीतरी होतं! पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मध्ये, खात खात पुढे सरकत. मी पाच दिवस त्या एका पानासाठी जात होते. आठ वाजता उठणारी मी साडेसातला तिथे.

सहाव्या दिवशी कामगार फांद्या छाटत होते. तारांना लागतात म्हणून. माझ्या पानाची फांदी पुढची होती.

आधीची मी असते तर घरी जाऊन रडले असते आणि वहीत आलेख काढला असता. रडू आलंच, छातीत धस्स झालं, टेकडीवर झालं होतं त्याहून जास्त. घोर कमी झालेला नाही, हे आकडेमोड यांना सांगायचंय. पण मी तिथे गेले आणि विचारलं, ही एवढी फांदी तारेपासून लांब आहे, राहू द्याल का? ते म्हणाले, कशाला? मी पान दाखवलं. तिघेही वाकून बघत होते. एकाने विचारलं, आत जिवंत आहे? फांदी राहिली.

मंडळात हे सांगितलं तर चौघीजणी दुसऱ्या दिवशी पान बघायला आल्या. आता छाटणीच्या आधी आम्हाला कळवा म्हणून अर्ज लिहितोय. फ्लेक्स नाही करणार.

टाचणी
नवी कुंडी आणली. यापुढे काही बोलत नाही.

मधली ओळ
काळजी केली आणि घेतली. धन्यवाद, आता झोपते.

पानगळ
सर, नाव शोधायचं नाही हा नियम अजून आहे का? कालपासून रेघ वाढत नाहीये. टोकाला जरासा फुगवटा दिसतोय. आत कोश असेल की अळी मेली असेल?

झाडपाला
नियम उठवला. रेघेच्या मधोमध काळसर ठिपक्यांची ओळ आहे ना, ती तिची विष्ठा. ती फुगवट्यापर्यंत पोचली असेल तर आशा आहे. काही जाती पानातच कोश करतात, काही पान फोडून बाहेर पडतात. पान न तोडता उलटं करून बघा, खालच्या बाजूला भोक आहे का?

पानगळ
उद्या साडेसातला बघून सांगते.